राहिलेला गाल

“गाल फुगवा की अहो! सुरकुतीत पातं अडकतंय.”

“वस्तारा हे माझं काम. तू आपली फरशी पूस,” काका म्हणाले, पण फुगवला गाल.

मावशी खालच्या मजल्यावरच्या लकव्याच्या वॉर्डातल्या आया. काका त्यांचे यजमान, जन्मभर लोकांच्या दाढ्या केलेला माणूस. हृदयाच्या झडपेला जंतू लागले म्हणून आमच्याच दवाखान्यात वरच्या मजल्यावर दाखल होते. ताप उतरला होता, जीभ तर कधी आजारी पडलीच नव्हती. मी सलाईन बदलायला आलेली नर्स. काम झालं तरी रेंगाळले, कारण ह्या दोघांचं भांडण म्हणजे फुकटची करमणूक.

डावा गाल झाला. उजव्याला फेस लागला.

“आवर लवकर. अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक खुर्चीवरून उठलं, तर दुकानाची अब्रू जाते,” काका म्हणाले आणि त्यांनी गाल फुगवला. तो फुस्स झाला.

“पुरे हो चाळे!” मावशी हसल्या. मीही हसले, खोटं कशाला बोलू? पुन्हा फुस्स. तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून लाळ ओघळली, आणि मावशींच्या हातातला वस्तारा खाली पडला.

“सिस्टर, लकव्याचा झटका आलाय! पळा, डॉक्टरांना बोलवा!”

खालच्या वॉर्डाच्या दारात उभं राहून पेशंटच्या नातेवाइकांना झापणारी बाई ही. “आत्ता आणताय होय? वेळेत आणलं असतं, तर इंजेक्शन घेऊन चालत घरी गेला असता!” आता तिच्याच माणसाला तिच्या डोळ्यांदेखत झटका आला होता. याहून वेळेत कोण आणणार?

तपासणी करून डॉक्टर मॅडम बाहेर आल्या. “मावशी, झडपेवरचा जंतूंचा गोळा सुटून मेंदूच्या नसेत अडकलाय. ते इंजेक्शन यांना देता येणार नाही.”

“का नाही? रोज देता की! माझ्यासमोर देता!”

“बाकीच्यांची साधी रक्ताची गुठळी असते, ती इंजेक्शनानं विरघळते. यांच्या नसा जंतूंनी पोखरल्या असतील. इंजेक्शनानं मेंदूत रक्तस्राव होईल.”

“होऊ दे. मी सही करते. पाया पडते तुमच्या.” आणि खरंच वाकल्या. मॅडमनी त्यांना धरून उठवलं, पण नाहीच म्हणाल्या. मला मॅडमचा भयंकर राग आला. त्यांचं बरोबर होतं, म्हणून जास्तच आला.

शेवटी जांघेतल्या नसेतून मेंदूपर्यंत तार घालून गोळा ओढून काढला. निघालाही. आम्ही देव पाण्यात घालून बसलो होतो. पण संध्याकाळी दुसरी एक पोखरलेली नस आपणहून फुटली आणि काका गेले. गाल फुगवल्यानंतर एक शब्द बोलले नाहीत.

“किती जणांना बोलले हो मी, सिस्टर,” मावशी म्हणाल्या. “वेळेत आणलं नाही म्हणून. केवढं तोंड टाकलं मी त्यांच्यावर.”

मी काकांच्या हातातली सलाईनची सुई काढली.

वॉर्डबॉय चादर ओढायला आला. “थांब रे जरा,” मावशी म्हणाल्या. “एक गाल राहिलाय.”

मी कोमट पाण्याची वाटी धरली. त्यांनी नव्यानं फेस केला. गाल आता फुगणार नव्हता. तोंडात बोट घालून त्यांनी तो आतून उचलून धरला आणि कुठे कापू नये म्हणून अगदी सावकाश वस्तारा फिरवू लागल्या.