दवाखान्यामागचं विरजण

ट्रकमधून पाच पिंपं उतरली. इंजिनियरने पहिल्याचं झाकण काढलं, नाक जवळ नेलं आणि झाकण परत लावलं. मेलेलं होतं. दुसरं आणि तिसरंही तसंच, सडक्या अंड्यांचा वास मारत होतं. चौथ्याला मात्र ओल्या मातीसारखा वास आला. तो पिंपावर हात टेकून जरा वेळ तसाच उभा राहिला. पाचवंही जिवंत निघालं.

ट्रक ड्रायव्हर नाकाला रुमाल लावून लांब उभा होता. "साहेब, एवढी घाण पाच दिवस वाहून आणली मी. इथे कमी होती का?"

"हे विरजण आहे," इंजिनियर म्हणाला. "नुसतं दूध ठेवून दही लागत नाही ना, तसं."

आता महिनाभर दही तोंडाला लावायचं नाही असा चेहरा करून ड्रायव्हरने पावतीवर सही घेतली आणि गाडी काढली.

त्या उजाड माळावर चाळीस खाटांचा एक दवाखाना होता. त्याचं सगळं सांडपाणी वर्षानुवर्षं मागच्या ओढ्यात जायचं, आणि तोच ओढा खालच्या वस्तीचं पिण्याचं पाणी होता. वस्तीतली माणसं जुलाबाने बेजार होऊन दवाखान्यात यायची, बरी होऊन परत जायची आणि चार आठवड्यांनी पुन्हा यायची. अखेर कुणीतरी मनावर घेतलं. दवाखान्यामागे सिमेंटच्या दोन टाक्या उभ्या राहिल्या आणि त्या चालू करून द्यायला कंपनीने या इंजिनियरला धाडलं. पत्रात तीन महिन्यांचं काम लिहिलं होतं. पहिलं विरजण घाटात ट्रक अडकल्यामुळे वाटेतच मेलं. हे दुसरं आलं तेव्हा त्याला सातवा महिना लागला होता.

काम तसं साधं होतं. पिंपांतल्या विरजणातून पहिल्या टाकीत घाण खाणारे जंतू वाढवायचे. ब्लोअर नावाचं यंत्र टाकीच्या तळातून चोवीस तास हवा सोडतं, त्या हवेवर ते जगतात. दुसऱ्या टाकीत गाळ खाली बसतो आणि वरचं नितळ पाणी ओढ्याला जातं. हवा थांबली की जंतू गुदमरतात, एवढंच काय ते जपायचं.

त्याची खोली टाकीला लागूनच होती. पत्र्याची. एक खाट, एक टेबल, आणि एकच खिडकी, तीही टाकीकडे उघडणारी. दुपारचं जेवण दवाखान्याच्या खानावळीत असायचं. तिथे एका बाकावर चार माणसं बसत, पण त्याच्या बाकावर तो एकटाच. जायच्या आधी तो तीनदा साबणाने हात धुवायचा, शर्ट बदलायचा, तरी शेजारची जागा रिकामीच राहायची. कुणी तोंडावर काही बोलत नसे. एकदा ताट ठेवायला गेला तेव्हा आतून स्वयंपाकीण म्हणताना ऐकू आली, "गटारसाहेबांचं झालं का बघ, बाक पुसून घे." नाव चपखल होतं. त्याला हसूही आलं. मग खोलीवर जाऊन त्याने शर्ट हुंगून पाहिला. त्याला कसलाच वास येईना, आणि त्याचीच त्याला काळजी वाटली.

रविवारी अकरा वाजता तो दवाखान्याच्या गच्चीवर जायचा. तिथे एका कोपऱ्यात रेंज मिळायची. बायको वाट बघत असायची. एकोणीस वर्षं तो असा बाहेरबाहेर होता. सुरुवातीला अर्धा अर्धा तास बोलणं चालायचं. आता जेवलात का, गोळ्या घेता का, इकडे सगळं ठीक आहे, इथपर्यंत आलं की दोघंही थांबायची. भांडण नव्हतं. सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. टाकीतला गाळ वाढला याचा त्याला झालेला आनंद तिला कसा सांगायचा, हे त्याला कधीच जमलं नाही.

रोज सकाळी तो टाकीतलं पाणी लिटरभर काचेच्या नळीत भरायचा आणि अर्धा तास समोर बसून राहायचा. गाळ हळूहळू खाली बसे, कोणत्या खुणेपर्यंत बसला ते वहीत उतरवायचं. गाळ जितका जास्त तितके जंतू वाढलेले. आकडा चढू लागला. पन्नास, सत्तर, शंभर. आणि एका मंगळवारी एकदम उतरला. पुढचे दिवस पुन्हा चढला आणि पुढच्या मंगळवारी परत कोसळला. तिसऱ्या मंगळवारी त्याने वही मिटली आणि सोमवारी दवाखान्यात नेमकं काय होतं ते शोधायला निघाला.

सोमवारी दवाखान्याच्या चादरी निघत. लाँड्री इमारतीच्या मागच्या अंगाला होती. तिथे साठीकडे झुकलेला एक उंच, वाळलेला माणूस एकटाच काम करायचा. त्याला सगळे मामा म्हणत. तो तापट आहे असं सांगितलं जायचं, त्यामुळे तिकडेही फारसं कुणी फिरकत नसे.

"मामा, सोमवारी पाण्यात काय टाकता तुम्ही?"

"ब्लीच. रक्ताचे डाग, पुवाचे डाग. जंतू मरायला नकोत?"

"आणि मग ते पाणी?"

"सोडतो मोरीत. डोक्यावर घेऊन नाचू का?"

इंजिनियरने त्याला टाकीपाशी नेलं, सगळं समजावून सांगितलं. मामा कठड्यावर हात ठेवून ते तपकिरी बुडबुडे किती तरी वेळ बघत राहिला.

"म्हणजे मी मारतो आणि तुम्ही पाळता," तो म्हणाला. "दोघंही एकाच दवाखान्यात. बरं आहे."

त्यांनी अडगळीतली एक जुनी टाकी लाँड्रीमागे बसवली. ब्लीचचं पाणी तीत दोन दिवस उन्हात ठेवायचं, त्याचा जोर गेला की बारीक धारेने सोडायचं. पुढचा मंगळवार आकड्याला धक्का न लावता गेला. बुधवारी सकाळी मामा चहाचे दोन पेले घेऊन आला आणि न विचारता नळीसमोर बसला. त्यानंतर तो रोज येऊ लागला. फार बोलायचा नाही. गाळ पुरता बसला की "दीडशेवर गेलाय" असं म्हणून उठायचा. अर्ध्या तासाची ती सोबत इंजिनियरला दिवसभर पुरायची.

टाकी सांभाळायला शिकवून तयार केलेले दोघं जण एव्हाना दुसरीकडे नोकऱ्या धरून निघून गेले होते. एके सकाळी मामाच म्हणाला, "मला शिकवा. लिहिता-वाचता बेताचं येतं, पण आकड्यात मी चुकत नाही. तीस वर्षं चादरी मोजतोय."

तो शिकला. झडपा, तेल, पट्टे, सगळं. यंत्राचा आवाज बदलला की त्याला इंजिनियरच्या आधी कळायचं.

नवव्या महिन्यात एका सकाळी आठ वाजता ब्लोअरची मोटर जळाली. ओळखीचा तो घरघराट थांबला आणि माळ केवढा शांत आहे ते पहिल्यांदाच कळलं. टाकीतले बुडबुडे विरले, पाणी सपाट झालं. नवी मोटर यायला सहा दिवस लागणार होते. पिंपात ते उपाशी, निपचित तगलं होतं; इथे ताजी घाण सतत येत होती. विरजणाच्या हातात फार तर संध्याकाळपर्यंतचा वेळ होता, आणि तिसरं विरजण कंपनी पाठवणार नव्हती, हे इंजिनियरला लेखी कळवलेलं होतं.

तो कठड्याला धरून उभा होता. मामा म्हणाला, "लाँड्रीच्या मशीनची मोटर केवढी आहे, बघितलीत का?"

"पाच हॉर्सपॉवर. इथे एवढीच लागते." मग त्याला उमगलं. "मामा, चादरींचं काय?"

"मशीन यायच्या आधी काय दवाखान्यात चादरी नव्हत्या?"

मेट्रनने कडाडून विरोध केला. चाळीस खाटा, त्यात ऑपरेशनचे पेशंट. मामा शांतपणे म्हणाला, "ताई, एक जरी चादर उशिरा मिळाली तरी मला घरी बसवा." तिने परवानगी दिली. ती त्याला अठरा वर्षं ओळखत होती.

मोटर काढून आणली. खालची भोकं जुळेनात, म्हणून ती जाड फळीवर आवळून बसवली, पट्टा ताणायला पाचर मारली. दुपारी तीन वाजता ब्लोअर पुन्हा सुरू झाला. पाणी काळपट पडलं होतं, वासही बिघडायला लागला होता.

नंतर सहा दिवस दोघांनी मिळून दवाखान्याच्या चादरी हाताने धुतल्या. टाकीची पाहणी करायची आणि मग थेट लाँड्रीच्या हौदापाशी. मामा घासायचा, इंजिनियर खळबळून काढायचा, मग दोघं दोन टोकं धरून पिळायचे. पहिल्या दिवशी इंजिनियर चुकीच्या बाजूने पिळत होता.

"साहेब, मी इकडे पिळतोय तर तुम्ही तिकडे पिळा. दोघं एकाच अंगाला गेलो तर चादर नुसती फिरते."

"माझी बायको असती तर हसली असती."

"घरी कधी पिळली नाहीत का?"

"घरी असतो कुठे."

मामाने पुढचा पीळ दिला. काही वेळाने तो म्हणाला, "माझी गेली त्याला अकरा वर्षं झाली. मी रोज घरी असायचो, पण बोलायचो नाही. ती म्हणायची, भिंतीशी लग्न केलंय. तुमचं बरं आहे, फोन तरी आहे."

इंजिनियरने चादरीचं दुसरं टोक आवळून धरलं. त्याची बोटं सोलवटली होती, साबण झोंबत होता. तरीही गेल्या कित्येक वर्षांत इतकं बरं त्याला कधी वाटलं नव्हतं.

मोटर आली, बसली. लाँड्रीची लाँड्रीला परत गेली. एकही चादर उशिरा गेली नव्हती. टाकीतल्या पाण्याला पुन्हा मातीचा वास येऊ लागला. हे सगळं आटोपल्यावर इंजिनियरच्या ध्यानात आलं की मधला रविवार त्याने चुकवला होता. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच. तिने काय काय मनात आणलं असेल, या काळजीने तो सोमवारीच गच्चीवर धावला.

"अगं, कालचा फोन राहिला. इथे मोटर जळाली होती..."

"काल?" पलीकडून ती म्हणाली. "काल रविवार होता नाही का. अहो, मी ताईकडे गेले होते, पत्ते खेळत बसलो. माझ्या लक्षातच नाही आलं."

तिने लगेच सावरून घेतलं, मोटरचं विचारलं, त्यानेही थोडक्यात सांगितलं. पण ती जे बोलून गेली त्यात खोट नव्हती, आणि म्हणूनच ते लागलं. फोन ठेवल्यावर तो गच्चीच्या कठड्याशी बसून राहिला. खाली मामा दोरीवर चादरी टाकत होता. त्याच दुपारी इंजिनियरने कंपनीला पत्र लिहिलं की हे काम संपलं की मला बाहेर पाठवू नका, कार्यालयात काहीही द्या. पंधरा दिवसांनी होकार आला.

दहाव्या महिन्याच्या अखेरीस त्याने टाकी मामाच्या ताब्यात दिली. तपासणीचे कागद चांगले आले होते, वस्तीतून जुलाबाचे पेशंट येणं बरंच कमी झालं होतं. डॉक्टरांनी हात मिळवला. मामा झडपेला तेल देत होता, तो उठला नाही.

"येतो मामा."

"जा. थांबून करणार काय, आता चालतंय की." आणि मग, मान वर न करता, "सांभाळून जा."

घरी बायको दारातच उभी होती. तिला खरंच आनंद झाला होता, तो तिच्या डोळ्यांत दिसत होता. तिने त्याची बॅग घेतली. तो चहा करायला स्वयंपाकघरात गेला तर कप जागेवर नव्हते.

"खालच्या कपाटात. दोन वर्षं झाली की बदलून," ती म्हणाली.

दोन वर्षांत तो तीनदा येऊन गेला होता. प्रत्येक वेळी चहा हातात मिळाला होता.

पहिले आठ दिवस त्यांनी एकमेकांना पाहुण्यासारखं जपलं. तिच्या दिवसाला एक घडी होती आणि त्या घडीत त्याच्यासाठी जागा करताना तिची ओढाताण होत होती, हे त्याला दिसत होतं. ती तक्रार करत नव्हती. नवव्या दिवशी ती म्हणाली, "मी सकाळी फिरायला जाते मैत्रिणींबरोबर. येता का?"

तो गेला. कोपऱ्यावर चौघी जणी थांबल्या होत्या. बायको म्हणाली, "हे आमचे. बाहेर असतात."

"असायचो," तो म्हणाला. "आता इथेच आहे."

"अरे वा. काय काम करायचात?" एकीने विचारलं.

"पाण्याचं," त्याने सांगितलं. आणखी काय सांगावं ते सुचायच्या आत त्यांच्या कालच्या गप्पांचा धागा कुणीतरी उचलला आणि पाची जणी चालू लागल्या. कुणाच्या तरी सुनेची गोष्ट होती. सून कोण, तिचं काय झालं, त्याला काही ठाऊक नव्हतं. रस्ता अरुंद होता, म्हणून तो दोन पावलं मागे राहिला. वळणावर बायकोने मागे वळून पाहिलं. तो येतोय हे पाहून तिने चाल थोडी कमी केली, तेवढ्यात पुढून कुणीतरी तिला काही विचारलं आणि ती उत्तर देत पुढे झाली. त्याने पावलांचा वेग जरा वाढवला.