अपडेट चालू असताना आलेलं पाणी

सायलीनं कॉम्प्युटर रीस्टार्ट केला आणि तिथूनच तिचं डोकं फिरायला सुरुवात झाली. बंगळुरूच्या कंपनीची ऑनलाइन परीक्षा अकराला होती. ती मोबाइलवर चालत नव्हती, आणि पास होणाऱ्यांनाच नोकरीसाठी बोलावणार होते. अडचण नको म्हणून तिनं आठवडाभर अपडेट थांबवून ठेवलं होतं. पण पेपरला मशीन ताजंतवानं असावं हा शहाणपणा नडला. रीस्टार्ट झाल्याबरोबर टपून बसलेल्या अपडेटनं डाव साधला. पडद्यावर गोल फिरायला लागलं, खाली हुकूम: कॉम्प्युटर बंद करू नका.

"घर आमचं, वीज आमची, आन मालक हा," ती दातओठ खात म्हणाली. टक्क्यांचा आकडा काही सरकेना, म्हणून कपडे बदलायला आत गेली.

तेवढ्यात गल्लीत ओरडा झाला. नळाला पाणी आलं होतं, आठवड्यानं, तेही अवेळी. पुंडलिकनगरात घरोघरी टाकीत पाणी चढवणाऱ्या मोटारी घुरघुरायला लागल्या. सायलीची आई, द्वारकाबाई, कणकेच्या हातानं धावल्या. मोटार आणि कॉम्प्युटर एकाच बोर्डावर. दोन्ही लावले की फ्यूज उडायचा. त्यांनी कॉम्प्युटरचा प्लग उपटला आणि मोटारीचा खुपसला.

सायली बाहेर आली तर पडदा काळा.

"आई, बंद करू नका असं लिहिलं होतं ना त्यावर."

"नुस्तं फिरत तर व्हतं. मला वाटलं रिकामंच हाय."

"माझी नोकरी होती त्यात. जळो तुझी टाकी."

"जळो? मग आठ दिवस प्यायचं काय?" द्वारकाबाईंचाही आवाज चढला. पण पोरीचं तोंड पाहून त्यांनी टाकी अर्धीच असताना मोटारीचा प्लग काढला. "घे, लाव तुझं."

कॉम्प्युटर सुरू झाला आणि अपडेटचं अर्धवट केलेलं सगळं निवांत मागे घेत बसला. सायलीनं टेबलावर मूठ आपटली. तिला आईचा राग आला, अपडेटचा आला, नळाचा तर फारच आला. शेवटी परीक्षेचं पान उघडलं तेव्हा त्यावर एवढंच होतं: वेळ उलटली, प्रवेश बंद. एव्हाना नळही गेला होता.

"काय म्हणतंय?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"उशीर झाला म्हणतंय. आत घेत नाय."

"मग कळव की त्यास्नी, पाणी आलं व्हतं म्हणून. कुणाला बी पटंल."

गल्लीत कुणालाही पटलं असतं. सायलीनं की-बोर्ड पुढ्यात ओढला, आणि बंगळुरूच्या माणसाला हे कसं लिहायचं ते न सुचून रागानं रडायला लागली.