दहापैकी एक

मार्करचं निळं टोपण दिपाली सारखी काढत होती, लावत होती — टक्, टक् — आणि पहिल्या बाकावरून बघताना वल्लरीला वाटलं, हात स्थिर ठेव म्हणून सांगितलं होतं, एवढं तरी लक्षात ठेवायचंस... आठवडाभर कँटीनमध्ये बसून तिनं दिपालीच्या भाषणाचं एकेक वाक्य घासूनपुसून दिलं होतं, 'हाय'चं 'आहे' केलं होतं, 'न्हाय'चं 'नाही', घरी वल्लरीचे वडील, तात्या, तिच्या बोलण्याचं करत आले तसंच. आणि ही बया आज ते सगळं बाजूला सारून खुशाल घरच्यासारखी बोलत सुटली होती — वळ गावची शेतं, त्यांवर उभी राहिलेली गोदामं, कधीकाळी स्वतःच्या असलेल्या जमिनीवर ट्रकवाल्यांना चहा विकणारी तिची आई. "आमच्या शेताला आता शटर हाय," ती म्हणाली, आणि वर्ग आधी हसला, मग एकदम गप्प झाला.

त्या गप्पपणानं वल्लरीचं पित्त खवळलं. तिच्या शुद्ध बोलण्यावर हा वर्ग फार तर जांभया देत बसायचा. ठाण्याच्या वक्तृत्व स्पर्धेला वर्गातून एकालाच जायचं होतं, आणि तात्यांनी तर शेजारीपाजारी सांगूनही टाकलं होतं, आमची वल्लरी जातेय म्हणून.

मार्क मुलांनीच एकमेकांना द्यायचे, ही सरांची टूम. सगळ्यांनी डोळे मिटायचे आणि दहापैकी जितके द्यायचे तितकी बोटं वर करायची, म्हणजे शेजाऱ्याचं बघून कुणी देणार नाही. डोळे उघडे फक्त सरांचे आणि जो बोलला त्याचे — आपलं माप आपण बघावं, म्हणे.

वल्लरीनं डोळे मिटले. नऊ, मन लगेच म्हणालं. खरं तर दहाच. सकाळी टेमघरच्या नाक्यावर स्कूटी थांबवून हिनं नेहमीसारखं मला मागं घेतलं, आणि वाटेत एका शब्दानं बोलली नाही की तू लिहून दिलेलं सगळं मी बदललंय... तिनं दोन बोटं वर केली. दिपाली बघतेय हे ठाऊक होतं. बघू दे. मग त्यातलंही एक तिनं मिटून घेतलं, आणि छातीत असं गार वाटलं की तिला स्वतःचंच नवल वाटलं.

पुढचा नंबर तिचाच होता. तिचं एक अक्षर चुकलं नाही. डोळे मिटले गेले, बोटं वर आली — सहा, सात, पुन्हा सहा, कुणाचा आळसावलेला नुसताच एक पंजा — आणि मागच्या बाकावर दिपालीचे दोन्ही हात वर, दहाच्या दहा बोटं ताठ. डोळे मात्र उघडे, सरळ वल्लरीकडे. रागावलेले असते तर परवडलं असतं. लहान मुलानं रडू नये म्हणून त्याच्या हातावर खाऊ ठेवावा, तसं ती देत होती... भीक. मला? हिनं?

बेरीज करून निकाल उद्या सांगतो म्हणत सर निघून गेले. दिपाली पर्समध्ये चावी शोधत बाकाशी आली. "थांब हां, सोडते तुला. मना टेमघरवरूनच जायचा हाय."

वल्लरी हो म्हणाली. स्कूटीवर तिच्या मागं बसल्यावर तिनं स्वतःत शरम शोधून पाहिली, सापडली नाही. या दहांच्या जोरावर आपण जिंकलो, तर सर बेरीज करून विसरतील, पण दोघींना ते ठाऊक राहील, जन्मभर, आणि ही एका शब्दानं बोलणार नाही... आणि तरीही आपणच जिंकावं असं तिला वाटत होतं — मघापेक्षाही जास्त.