अप्पांचं बटण

दिंद्रुडच्या चन्नप्पांना अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांचा उजवा हात लुळा पडला, वाचाही गेली. किराणा दुकान बायको शिवम्मा बघू लागली. चन्नप्पा खुर्चीवर बसून राहत, पण गिऱ्हाईक आलं की मान खाली घालत.

त्यांची लेक शिवानी कॉम्प्युटरचा डिप्लोमा करत होती. दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरवर तिनं सी भाषेत एक विंडो तयार केली. विंडोत एकच बटण, पण चांगलं तळहाताएवढं. अप्पांचा डावा हात थरथरायचा, लहान बटणावर माउस थांबला नसता. ते दाबलं की आवाज यायला हवा होता.

सकाळी तिनं दाबून पाहिलं. बटण आत गेलं, वर आलं. आवाज काही आला नाही.

"दिसतंय तर झकास," शिवम्मा म्हणाली. "मग बोलंना कावून?"

"बटण आपणहून काही करत नाही, आई. 'मला दाबलं' एवढा निरोप ते आपल्या नंबरासकट विंडोला देतं. पुढचं काम विंडोचं."

"मग निरोप पोचला न्हाई का?"

शिवानी प्रोग्राम वरपासून वाचत गेली. बटणाला तिनं १०१ नंबर दिला होता, आणि निरोप घेणारा भाग ११०ची वाट बघत बसला होता. तिला स्वतःचंच हसू आलं. तिनं आकडा सुधारला आणि प्रोग्राम पुन्हा कंपाइल केला.

तेवढ्यात मेंढरांसाठी खडेमीठ न्यायला नेहमीचं गिऱ्हाईक सटवा आला. शिवानीनं अप्पांचा हात माउसवर ठेवला.

"दाबा, अप्पा."

"या, बसा. काय देऊ?"

कॉम्प्युटरमधून आलेला आवाज चन्नप्पांचाच होता. फोनमधल्या जुन्या व्हॉइस मेसेजमधून शिवानीनं तो काढला होता. सटवा उंबऱ्यातच थबकला. मग शिवम्माकडे न बघता सरळ चन्नप्पांपुढं जाऊन बसला.

"अण्णा, लई दिसानं बोललात! पाच किलो खडेमीठ द्या."

चन्नप्पांनी मान वर केली. डाव्या हाताची पाच बोटं शिवम्माला दाखवली आणि कोपऱ्यातल्या पोत्याकडे खूण केली.

सटवा गेल्यावर त्यांनी पडद्यावर, बटणाच्या खाली, बोटानं आणखी एक चौकोन काढला.

"अजून एक? त्यात काय बोलायचं?" शिवानीनं विचारलं.

त्यांनी शिवम्माकडे बोट केलं.

"आईला हाक मारायची?"

चन्नप्पा अर्ध्या ओठानं हसले. शिवम्मानं पदरानं डोळे पुसले. "आता दिसभर हाका मारतील बग," ती म्हणाली, "कर बाई, लवकर कर."