दोन्हीकडचे चट्टे

त्या दिवशी सकाळपासून आभाळ गच्च होतं. ऊन नव्हतं, म्हणून माझे डोळे जरा तरी उघडे होते. मी पांढरा कुत्रा बोलतोय. शिकलेला नाही, म्हातारा झालोय, सावकाश बोलतो. पण राग मुरलेला आहे.

माझे आईबाप दोघंही राखाडी, अंगावर काळे चट्टे. हा रंग म्हणजे रक्तातला बिघाडच. एका बाजूने आला तर पिल्लू देखणं दिसतं. दोन्हीकडून आला तर पांढरं निपजतं आणि त्याचे डोळे-कान जातात. डॉक्टरांनी आमच्या मालकाला हे आधीच बजावलं होतं. तो हसला. म्हणाला, "चट्ट्याला चट्टा जोडला की नक्षी दुप्पट. एवढं कळतं मला."

नक्षी बघा. माझ्या बहिणीला डोळेच नव्हते. भावाला ढिम्म ऐकू येत नव्हतं. मालक दोघांना पाटीत घालून घेऊन गेला आणि रिकामी पाटी नळाखाली धुतली. माझा उजवा कान चालत होता, डोळ्यांना अंधुक का होईना दिसत होतं, म्हणून मी उरलो. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या काकांनी मला नेलं. नऊ वर्षं त्यांच्या टेबलाखाली काढली. पायाला धक्का लागला तर "चुकलो रे बाबा" म्हणणारा माणूस.

तर त्या दिवशी तो जुना मालक शेजारच्या शिवणकामवाल्या ताईंकडे आला. त्यांचा कुत्रा चट्ट्यांचा. याने चट्ट्यांची कुत्री सोबत आणलेली.

"ताई, जोडी लावू. एक पिल्लू तुम्हाला."

ताई विरघळल्या होत्या. काका मला घेऊन दारात उभे राहिले.

"आधी याला बघा."

"काका, हा नशिबाचा भाग," मालक म्हणाला. "अन् धडधाकट तर आहे. ए पांढऱ्या, इकडे ये."

तो माझ्या डाव्या हाताला उभा होता. आवाज आला, पण कुठून ते कळेना. मी उजवीकडे वळलो आणि शिलाई मशीनच्या पायावर तोंड आपटलं. रक्त आलं. दुखण्यापेक्षा लाज जास्त वाटली, आणि लाजेपेक्षा राग. ही लाज माझी नव्हतीच.

ताईंनी चिंधी भिजवून माझं तोंड पुसलं. मग काकांकडे बघून म्हणाल्या, "काका, दार उघडं धरा. हे आपली कुत्री घेऊन निघालेत."