पन्नाशीच्या दाढा

"पन्नाशीचा गडी दिसतोय," कवळीवाला प्लास्टरचा साचा बोटांवर फिरवत म्हणाला. "दाढा बघ, पार घासून सपाट. झोपेत दात खातो बिचारा. बायकोशी पटत नसणार."

हाताखालची बाई हसली. चिठ्ठी न वाचता नुसत्या दातांवरून वय सांगायचं, ही त्याची रोजची गंमत. तेवीस वर्षं तो दवाखान्यांतून आलेल्या ठशांचे साचे ओतत होता, कवळ्या बनवत होता. चेहरा खोटं बोलतो, दात बोलत नाहीत, हे त्याचं पेटंट वाक्य.

बाईनं चिठ्ठी उलगडली आणि तिचं हसू विरलं. "दादा, वय चौदा आहे." मग चाचरत म्हणाली, "ही आपली छकुलीच की हो."

छकुली म्हणजे त्याची एकुलती एक लेक. एखाद्याच्या पायाखालची जमीन सरकली असती. त्याला काहीच वाटलं नाही, त्यानं फक्त चिठ्ठी हातात घेतली. चिठ्ठीवर रात्री दातांवर घालायचं कवच मागितलं होतं. कारणापुढे एकच शब्द होता: ताण.

ती दात खाते हे त्याला ठाऊक होतं. भिंतीपलीकडून करकर ऐकू यायची. जंत झाले असतील म्हणून त्यानं दोनदा औषधही आणून दिलं होतं. तिला दवाखान्यात नेलंय, हे मात्र त्याला कुणी सांगितलं नव्हतं. सांगणार कोण? सव्वा वर्ष झालं, नवरा-बायकोत अबोला होता. "बाबांना सांग, गॅस संपलाय." "आईला सांग, तिचं तिनं बघावं." छकुली निरोप पोचवायची, तेही कडू शब्द गाळून. आदळआपट नाही, आरडाओरडा नाही, तेव्हा घरात सगळं आलबेल आहे असंच तो धरून चालला होता. पोरगी हल्ली रडत नाही, हसत नाही, पाठ केलेलं विसरते. वयच तसलं आहे, असं म्हणून त्यानं तेही सोडून दिलं होतं.

कवच त्यानं स्वतः बनवलं. हिरडीला टोचू नये म्हणून कडा तीनदा घासल्या.

संध्याकाळी छकुली टेबलाशी गणितं सोडवत होती. बायको पलीकडे इस्त्री करत होती. त्यानं डबी वहीशेजारी ठेवली.

"दुखतं का गं?"

"नाही."

"कधीपासून होतंय हे?"

"काय माहीत. झोपेत असते ना मी."

आपणच या पोरीचे दात झिजवले, हे त्याला आता कळून चुकलं होतं. त्यानं बायकोकडे वळून पाहिलं. किती दिवसांनी, ते त्यालाही आठवेना.

"माझं चुकलं," तो तिला म्हणाला. "आपण बोलू या."

बायकोचा हात इस्त्रीवरच थांबला.

छकुलीनं वहीतून मान वर केली नाही. "आई," ती रोजच्याच आवाजात म्हणाली, "बाबा म्हणतायत, त्यांचं चुकलं."

आणि पेन्सिल हातात तशीच धरून ती परतीच्या निरोपासाठी थांबली.