कोरडी करंगळी

“वहिनी, जॅक अजून जरा वर घे ना. हात तुटायला आलाय माझा,” दीर तिच्या कानाशी कुरकुरला.

गाडीखाली दोघं उताणी पडली होती. नवी ट्रान्स्फर केस, म्हणजे गिअरबॉक्समागचा, चारही चाकांना ताकद वाटून देणारा तो जडशीळ डबा, त्याच्या तळव्यांवर तोललेली. तिने जॅकचा दांडा सावकाश दाबला. मुद्दामच सावकाश.

“तुटत नाही भाऊजी. हात असा सहजासहजी तुटत नाही.”

पायाचं ती काही बोलली नाही. त्या घरात पायाचं कोणीच बोलत नसे.

पाय बाहेर होता, स्टुलावरून सरळ पुढे पसरलेला, फळीसारखा; आणि पायाचा मालक, तिचा नवरा, काढलेली जुनी केस पुढ्यात घेऊन माती खरवडत होता. बारा वर्षांपूर्वी दिराने उतारावर उभ्या केलेल्या याच गाडीच्या मागच्या चाकाला दगड लावायला तो वाकला आणि गाडी मागे आली. हँडब्रेक नावालाच. गिअर घातलेला होता, पण ट्रान्स्फरचा छोटा लिव्हर न्यूट्रलला असला की गिअर घालून उपयोग नसतो, चाकं मोकळीच. ‘लिव्हर आपोआप निसटला,’ असं दिराने सांगितलं, सासूबाईंनी आल्यागेल्याला सांगितलं, आणि मग तेच सगळ्यांच्या तोंडात बसलं. गाडी दिराकडे राहिली. नवऱ्याच्या गॅरेजात गाड्यांखाली शिरायचं काम तिच्याकडे आलं. नवऱ्याने स्टुलावरून सांगत सांगत तिला मिस्त्री केलं.

बोल्ट आवळून झाले, तसा दीर कण्हत बाहेर सरकला. ती मागे थांबली.

नवी केस कोरडीच येते. बाजूच्या भोकातून तेल भरायचं, करंगळी आत घालून ते बोटाला लागतंय का बघायचं, बूच आवळायचं आणि बुचावर खडूची रेघ मारायची, हा गॅरेजचा नेम. रेघ दिसली की पुन्हा कोणी विचारायचं नाही.

तिने बूच आवळलं. तेलाचा डबा चाकाआड तसाच, भरलेला. दिराच्या परतीच्या वाटेवरचा अर्धा घाट चढेपर्यंत आतल्या चक्रांचे दात तापतील, मग किंचाळतील, मग जाम होतील. कुठल्या वळणावर, ते ज्याचं त्याने बघावं. तिने रेघ मारली, चांगली ठसठशीत. कित्येक वर्षांनी जिवाला गार वाटलं.

ती बाहेर आली तेव्हा दीर फडक्याला हात पुसत होता.

“सुटलो बाबा एकदाचा. निसटायचाच त्या डब्याचा लिव्हर. दादा, भंगारात टाक आता.”

नवऱ्याने जुन्या केसचा लिव्हर ओढला. खट्. पुन्हा ओढला. खट्. जिथल्या तिथे बसत होता.

“आतली चेन गेली होती नुसती, लिव्हर धड आहे,” तो म्हणाला, आणि तिच्याकडे वळला. “करंगळी दाखव.”

ती फडकं शोधू लागली.

“अगं, दाखव म्हटलं ना.”

तिने हात पुढे केला. बोटं मातीने काळी. करंगळीवर तेलाचा थेंब नव्हता.

दीर आधी करंगळीकडे बघत राहिला, मग चाकाआडच्या डब्याकडे. नेम त्यालाही ठाऊक होता; लहानपण याच गॅरेजात गेलेलं. खिशातून काढलेली गाडीची किल्ली त्याने हळूच बॉनेटवर ठेवली.

“तेल भर,” नवरा म्हणाला.

“भरते की. आधी भाऊजींनी तो लिव्हर निसटवून दाखवावा.”

नवऱ्याने केस भावाकडे वळवली. मान मात्र वर केली नाही.

दीर उकिडवा बसला. त्याने लिव्हर खट् करून जागेवर बसवला, केस हादरवली, कडेने हातोडीचे दोन दणके दिले. लिव्हर ढिम्म. तिसऱ्यांदा हातोडी उचलून त्याने ती खाली ठेवली आणि लिव्हरच्या मुठीवर तळवा टेकला.

“निसटला नव्हता, वहिनी,” तो म्हणाला. “मीच न्यूट्रलला टाकून उतरलो होतो.”